‘मृच्छकटिक’ दासांच्या बाजूचं आहे का?

नेपथ्य : देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे आपल्याला चारुदत्त आणि गणिका वसंतसेना ही प्रेमी जोडी ठाऊक. शूद्रकाच्या मूळ संस्कृत नाटकात मला त्यांच्याइतकाच मोठा वाटतो तो स्थावरक, राजाचा मेहुणा असलेल्या शकाराचा गाडीवान, जन्माचा दास. आठव्या अंकात शकार त्याला वसंतसेनेचा जीव घ्यायला सांगतो. आधी सोन्याच्या कड्यांची लालूच, मग मार. स्थावरक म्हणतो, माझ्या शरीरावर तुमची सत्ता आहे, चारित्र्यावर नाही. मालकाच्या तोंडावर असं बोलणारा दास ज्याने उभा केला, तो नाटककार दासांच्याच बाजूचा.

तळटीप : पुढचंही वाचा की. नशिबाच्या दोषाने मी जन्मतःच दास झालो, आता आणखी पाप जोडायचं नाही, असंही तोच म्हणतो. म्हणजे दास्याचं खापर त्याच्याच पूर्वकर्मावर! शकार दुष्ट आहे एवढंच दिसतं. माणूस विकत घेण्याला कुणी हरकत घेत नाही. आपल्या दासीला, मदनिकेला, वसंतसेना सोडते, स्थावरकाला शेवटी चारुदत्त. दोन्हीकडे वरच्यांची मेहेरबानी.

वाटसरू : सगळंच जन्मावर ढकललेलं नाही. दुसऱ्या अंकातला संवाहक, म्हणजे अंग रगडणारा, दहा सुवर्णांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) जुगारी देण्यापायी भर रस्त्यात ‘मला विकत घ्या’ म्हणत फिरतो. कालपर्यंत तो स्वतंत्र होता.

नेपथ्य : मदनिकेबद्दल तर मुळीच पटत नाही. तिला सोडवायला तिचा प्रियकर शर्विलक चारुदत्ताची भिंत फोडून दागिने चोरतो. ते वसंतसेनेनेच तिथे ठेवायला दिलेले निघतात, तेव्हा चारुदत्ताने पाठवले म्हणून परत दे, ही युक्ती मदनिकाच सुचवते. डोकं तिचं चालतं. आणि वसंतसेना एक छदामही न घेता तिला सोडते, वर म्हणते, आता तूच वंदनीय झालीस.

आणि दहावा अंक? वसंतसेनेच्या खुनाचा आळ शकाराने चारुदत्तावर घातलाय, त्याला वधाला नेताहेत. बेड्यांसकट माडीवरून उडी टाकून स्थावरक ओरडतो, खून शकाराने केला. शकार म्हणतो, याने सोनं चोरलं, मी बदडलं, म्हणून उलटला. लगेच पटतं सगळ्यांना! दास्य हे असं, खरं बोललं तरी कुणाला पटत नाही, हे स्थावरकाचे उद्गार. इथे बोट पूर्वजन्माकडे नाही, समोरच्या गर्दीकडे आहे.

तळटीप : ते वाक्य मलाही हलवतं, मान्य. पण शेवट बघा. ‘अदास होवो’, एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. आणि चारुदत्ताला मारायला नेणाऱ्या चांडाळांना बक्षीस काय? सगळ्या चांडाळांचं प्रमुखपद.