मदत हवी आहे: बंद केलेला एलईडी बल्ब रात्रभर चमकतो (स्मार्ट स्विच, बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, नाही)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं जुनं घर आहे. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, त्या बैठकीने तिचे गुडघे गेले. रात्री उठून अंधारात भिंत चाचपडत बटणापर्यंत जाणं तिला जमत नाही, म्हणून दिवाळीत तिच्या खोलीत स्मार्ट स्विच बसवला. पलंगावरून नुसतं बोललं की लाईट लागते. हे काम झकास चालतं. अडचण लाईट बंद केल्यावर आहे.

बंद केलेला 9 वॅटचा बल्ब दर चार-पाच सेकंदांनी चमकून जातो. दिवसा कळतही नाही. रात्री मात्र समोरच्या कोनाड्यातले देव क्षणभर दिसतात आणि परत अंधार. परवा आई तोंडावर पदर ओढून झोपली होती. ते पाहून मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या कंपनीचा 12 वॅटचा लावून पाहिला, चमकणं जरा मंदावलं, थांबलं नाही. अर्ध्या वॅटचा झिरो लावला तर तो मिणमिणतच राहिला. मग माळ्यावरचा जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब लावला, तर सगळं शांत. हॉलमध्येही हाच स्विच आहे आणि तसलाच 9 वॅटचा बल्ब, तिथे काहीच त्रास नाही. फरक एवढाच की हॉलच्या बोर्डावर प्लग आहे, त्यामुळे तिथे न्यूट्रल आलेला आहे. आईच्या खोलीत एक लाईट, एक पंखा, बस्स. बोर्ड उघडला तर फेज (करंट आणणारी वायर), बटणांपासून लाईट-पंख्याकडे जाणारे दोन रिटर्न, आणि कोपऱ्यात गुंडाळून दाबलेली अर्थिंगची हिरवी वायर.

वायरमन काका म्हणतात, "अर्थिंगवरनंच न्यूट्रल घेऊ की, धा मिन्टाचं काम हाय." काका जुने, हाताला चांगले आहेत, पण याला माझं मन धजत नाही. घरात लोखंडी कूलर आहे, पाणी भरताना ओले हात लागतातच.

असं करणं सुरक्षित आहे का? नसेल तर भिंत न फोडता दुसरं काय करता येईल? गड्ड्याच्या यात्रेला बहिणी येतील, त्याआधी उरकायचं आहे.

प्रतिसाद

दादा, अर्थिंगला अजिबात हात लावू देऊ नका. त्या वायरीतून एरवी करंट वाहायलाच नको. ती पुढे कुठे तुटली किंवा ती जमिनीत जिथे पुरलेली असते तो अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, तर स्विचमधून आलेला करंट त्याच वायरीला जोडलेल्या कूलरच्या पत्र्यावर उतरू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात खड्ड्याची काय अवस्था होते ते तुम्ही पाहताच. तुमचं मन धजत नाही ते बरोबरच आहे.

स्विच खराब नाही, बल्बही नाही. न्यूट्रल नसला की स्विचला स्वतः जागं राहायला आणि वायफाय धरून ठेवायला लागणारी थोडीशी वीज तो बल्बातूनच ओढतो. पिवळ्या बल्बाची तार तेवढ्याने तापतही नाही. एलईडीच्या बुडात मात्र कॅपॅसिटर असतो. गळक्या नळाखाली तांब्या भरावा तसा तो हळूहळू भरतो, आणि पुरेसा भरला की एकदम रिकामा होऊन बल्ब चमकतो. तुमचे चार-पाच सेकंद म्हणजे तांब्या भरायचा वेळ.

स्विचच्या खोक्यात दोन वायरींचा छोटा चौकोनी तुकडा होता का? तो बायपास कॅपॅसिटर. तो बोर्डात नाही, बल्बाच्या होल्डरपाशी बसवायचा, होल्डरच्या दोन टोकांना एकेक वायर. मग ती थोडी वीज बल्बाऐवजी त्याच्यातून जाते. खोक्यात नसेल तर त्याच कंपनीचा मागवा, पंख्याचा कॅपॅसिटर लावायचा प्रयोग करू नका. मेन बंद करून, टेस्टर लावून मगच होल्डर उघडा.

कायमचा उपाय हवा असेल तर छतातल्या पंख्याच्या पॉइंटला न्यूट्रल असतोच. पाईपात जागा असेल तर तिथून बोर्डापर्यंत एक काळी वायर ओढता येते. भिंत फोडायची गरज नाही.

धागाकर्ता

खोक्यात तो तुकडा होता, माहितीच्या कागदाखाली तसाच पडलेला! काकांना अर्थिंगचं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आज संध्याकाळी मेन बंद करून स्वतःच होल्डरमागे बसवून दिला. रात्री साडेअकरापर्यंत मी आईच्या खोलीत अंधारात बसून होतो. बल्ब एकदाही चमकला नाही. आई केव्हाच झोपली होती, पदर खांद्यावरच. मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. जिन्याच्या लाईटला खाली एक आणि वर एक असं टू-वे बटण आहे. त्यातलं खालचं काढून तिथे हाच स्विच चालेल का, की वरचंही बदलावं लागेल?