क्यू गार्डनला एकच दिवस मिळणार आहे, झाडं बघायची आहेत. कुठून सुरुवात करू?

बागेतला_बाक

नमस्कार. मुलगी रेडिंगला असते, जूनमध्ये तीन आठवडे तिच्याकडे जातोय. लंडनच्या क्यू गार्डनसाठी एक अख्खा दिवस मी आधीच मागून ठेवलाय. नेटवर शोधायला गेलं की ऑर्किड आणि काचघरांचे फोटोच समोर येतात. मला झाडं बघायची आहेत. मोठी, जुनी, ज्यांचा ठावठिकाणा लिहून ठेवलाय अशी. नोकरीच्या निमित्ताने कोकणापासून मेळघाटापर्यंत फिरलो, तेव्हा लागलेला हा नाद. गुडघे आता दोन-अडीच तासांवर साथ देत नाहीत, म्हणून सगळी बाग होणार नाही हे धरूनच चाललोय. चार-पाच झाडंच बघायची तर कोणती बघू? आणि पाट्यांवर आकडे असतात, ते कसे वाचायचे?

अजून एक, जरा घरचं. सोसायटीत जिन्याशेजारी ३५ वर्षांची बकुळ आहे. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी पार बुंध्याला टेकतील असे पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हापासून शेंड्याकडच्या फांद्या वाळताहेत. एरवी सकाळी सडा पडायचा, यंदा ओंजळभर फुलं मिळाली नाहीत. सभेत विषय काढला तर "झाड म्हातारं झालंय" म्हणाले. पस्तिसाव्या वर्षी बकुळ म्हातारी होते का हो? शे-दोनशे वर्षांची झाडं तिथले लोक कशी सांभाळतात, हे कुणाला विचारता येईल का?

राहुरीची_लेक

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्यूमध्ये उभंच आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मी राहुरीला कृषी शिकले, अकरा वर्षं झाली पश्चिम लंडनमध्ये राहते. क्यूचा वर्षाचा पास काढलेला असतो, आठवड्याला एक तरी फेरी होते. माझं तिथलं झाड म्हणजे टर्नर्स ओक. दोन जातींच्या ओकचा हा संकर, १७९८ साली लावलेला. १९८० नंतरच्या काळात तो खंगायला लागला होता, पानं विरळ, वाढ थांबलेली. मग १५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर मोठं वादळ आलं. पहाटेपर्यंत एकट्या क्यूमधली ७०० च्या आसपास झाडं गेली. या ओकला वाऱ्याने मुळांच्या गड्ड्यासकट जमिनीतून उचललं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवलं. आडवी झालेली झाडं आवरता आवरता माणसं थकून गेली होती. याला टेकू दिले आणि ठेवला, सवडीने तोडू म्हणून. तीनेक वर्षांनी त्याची पाळी आली तेव्हा बघतात तर झाड पालवीने भरलेलं. कित्येक वर्षांत इतकं सुधारलं नव्हतं.

टोनी कर्कहॅम तेव्हा तिथे कामाला होते, पुढे अनेक वर्षं ते तिथल्या वृक्षसंग्रहाचे प्रमुख होते. त्यांना कारण उमगलं. दोनशे वर्षं माणसं त्या झाडाखाली फिरली, बसली. पायांनी तुडवून तुडवून माती दगडासारखी झाली. मुळांना ना हवा, ना पाणी. वादळाने ती माती हलवून मोकळी केली.

आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे एका शब्दात कळेल: वाफसा. पाणीही हवं, हवाही हवी, दोन्ही बेताची. आम्हाला वर्गात तो शब्द पिकांसाठी शिकवला होता, गहू-हरभऱ्यासाठी. सव्वा दोनशे वर्षांच्या ओकलाही वाफसाच लागतो हे मला त्या झाडाखाली उभं राहून कळलं, आणि गावातल्या चिंचा आठवल्या. शाळेसमोरच्या दोन चिंचांभोवती सिमेंटचा गोल पार बांधला होता, वर फरशी. पाच वर्षांत दोन्ही वठल्या. तेव्हा सगळे म्हणाले, कीड लागली.

त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाची हवा सोडून माती सैल करायला लागले. हिरवळ थेट खोडापर्यंत न्यायची पद्धतही बदलली. तिथे गेलात की झाडांच्या पायथ्याशी बघा. गवत काढून रुंद गोल आळं केलेलं असतं, त्यात फांद्यांचा चुरा आणि कुजलेला पाला. त्यावरून लोक आपोआप चालत नाहीत, दोरी बांधावी लागत नाही.

बाकीची झाडं पटकन सांगते. उत्तरेकडच्या भागात १७६२ चा गिंको आहे, चीनकडचा वृक्ष. आधी त्याला थंडी सोसणार नाही असं वाटून गरम काचघराच्या भिंतीला लागून लावला होता. ते काचघर कधीच पाडलं, गिंको आहे. त्याच भागात जपानी पॅगोडा वृक्ष आहे, जवळजवळ आडवा झालेला. विटांच्या आणि लोखंडाच्या टेकूंवर पडून राहिलाय आणि पालवतोय. मला तो गिंकोहून जास्त आवडतो. कॉकेशस-इराणकडचा चेस्टनटच्या पानांचा ओक १८४६ चा, ३० मीटरहून उंच, बागेतलं सगळ्यात थोराड झाड. त्याच्यापासून दहा-पंधरा पावलं लांब बाकावर बसा, जवळून तो नजरेत मावत नाही.

काचघर एकच बघा, टेंपरेट हाउस, आणि तेही वूडच्या सायकाडसाठी. आपल्याकडे बंगल्यांपुढे सायकस लावतात, त्याचा हा लांबचा भाऊबंद. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॉन मेडली वूड यांना याचं एकच झाड सापडलं, नर. त्यानंतर रानात दुसरं कुणालाच मिळालं नाही, मादी तर नाहीच. जगभरच्या बागांत आज जी आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या फुटव्यांतून वाढवलेली. म्हणजे सगळीकडे तेच एक झाड उभं आहे. क्यूमधलं १८९९ मध्ये आलं आणि त्याला पहिला शंकू (परागाचं कणीस) धरला तो २००४ साली. मी त्याच्यासमोर फार वेळ थांबू शकत नाही.

पाट्यांचं सोपं आहे. काळी पाटी, पांढरी अक्षरं. शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश, आणि एक नोंदणी क्रमांक. क्रमांकाचे पहिले चार आकडे बहुतेक वेळा तो नमुना बागेत आल्याचं साल असतं. चालायला त्रास झाला तर बागेतून छोटी गाडी फिरते, तिचं तिकीट वेगळं पडतं. आणि माळीकाम करणाऱ्यांना बिनधास्त विचारा, मी बरंचसं त्यांच्याकडूनच शिकले.

जमैका_प्लेन

बॉस्टनहून थोडी भर. इथल्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात, उलटं आहे, साल क्रमांकाच्या शेवटी येतं आणि त्यापुढे एक अक्षर. एकाच बियाण्यातून आलेली तीन झाडं असतील तर अ, ब, क. प्रत्येक झाडाला धातूची छोटी चकती टांगलेली असते. कुठल्या डोंगरावरून, कुणी, कधी बी आणलं हे त्या क्रमांकावरून कार्यालयातल्या नोंदीत सापडतं. चकती हरवली तर नमुन्याची किंमत अर्धी होते असं मी म्हणेन, मग ते फक्त एक झाड उरतं.

इथे तिकीट नाही. जमीन बॉस्टन शहराची, १८८२ मध्ये हार्वर्डला १००० वर्षांच्या कराराने दिलेली. झाडं लावणाऱ्यांनी मुदत मागावी तर अशी.

शिबपूरकर

मी नोकरीमुळे कोलकात्यात आहे. काका, लंडनहून आल्यावर एकदा हावड्याच्या बागेतही या. १७८७ ची बाग. तिथल्या महावटाचं मूळ खोड बुरशीने सडलं, १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. आज तिथे खोडच नाही. तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर झाड उभं आहे आणि अजून पसरतंय. आत गेलं की वड कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

मी २०२० च्या अम्फान चक्रीवादळानंतर गेलो होतो. महावटाच्याही काही पारंब्या मोडल्या होत्या, बागेतली शेकड्यांनी झाडं आडवी होती. नवीन पारंबी जमिनीला टेकेपर्यंत मोडू नये म्हणून ती बांबूच्या पोकळ नळीतून खाली उतरवतात. एक पारंबी नळीच्या तोंडातून बोटभर बाहेर आलेली दिसली, टोक पांढरट, ओलसर. आसपास इतकी मोडतोड होती आणि ती आपली खाली चालली होती.

बागेतला_बाक

सगळ्यांचे आभार. परवा परतलो. राहुरीच्या ताईंनी सांगितलं तेवढंच पाहिलं, गुडघे शेवटपर्यंत टिकले.

टर्नर्स ओकपाशी पाऊण तास बसलो. विमानं सारखी डोक्यावरून जात होती. तिथे आळ्याच्या कडेला वाकून चुऱ्यात दोन बोटं घातली, दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेली. वर कोरडं, खाली गार, आणि पहिल्या पावसानंतर रानात येतो तो वास. एक गांडूळ वर आलं. एका माळीणबाईंना मोबाइलवर बकुळीचा फोटो दाखवला. त्यांना झाड ओळखता आलं नाही, पण फरशी बघून त्यांनी मान हलवली आणि हाताने उचलून टाकल्याची खूण केली.

काल सेक्रेटरींना जिन्यापाशी बोलावलं आणि ओकची सगळी हकीकत सांगितली. तासाभराने ते खाली आले, म्हणाले, एका स्कूटरची जागा सोडू. बुंध्याभोवती चार फुटांपर्यंतचे ब्लॉक काढायची परवानगी मिळाली आहे. खाली कच आणि सिमेंटमिश्रित वाळू आहे. रविवारी काम काढतोय. पहार मारू का?

राहुरीची_लेक

पहार अजिबात नको! हवा-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, पहारेने तीच तुटतील. ब्लॉक हाताने सोडवा. कच आणि वाळू खुरप्याने खरवडून काढा, जिथे मूळ दिसेल तिथे थांबा आणि हाताने माती बाजूला करा. अंगठ्याएवढं मूळ दिसलं तर ते ओल्या गोणपाटाने झाकून पुढे जा. उघडी जागा त्याच दिवशी भरायची, उन्हात ठेवायची नाही.

भरायला लाल माती आणून ढीग करू नका. आधीची पातळी होती तेवढंच शेणखत आणि माती, वर चार बोटं वाळलेला पाला. सोसायटीतलाच झाडलेला पाला चालेल, जाळू नका म्हणावं. पाला खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर साल कुजेल. पाऊस असेल तर पाणी घालायची गरज नाही. उघडीप झाली की आठवड्यातून एकदा, बादलीने, सावकाश, बुंध्यापासून लांब. वाळलेल्या फांद्या लगेच छाटायची घाई नको, एक पावसाळा जाऊ द्या, काही खालून फुटतील.

आणि आळ्याच्या कडेला चार दगड लावा, नाहीतर स्कूटर परत येईल. रविवारी ब्लॉक निघाले की मुळांचा फोटो इथे टाका, मी बघून सांगते.