हेलिकॉप्टरच्या चाकांना ब्रेक असतो तर मग ठोकळे कशाला लावतात?

गच्चीवाला_जुहू
मंडळी एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आमच्या गच्चीतून जुहूचा एअरपोर्ट दिसतो, समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं दिवसभर ये-जा करत असतात. त्यातलं चाकांचं एखादं उतरून उभं राहिलं की ग्राउंडवरचा माणूस येऊन चाकांना पिवळे ठोकळे लावतो. आता ब्रेक असेल तर ठोकळे कशाला, आणि नसेल तर चार टनांचं धूड वर पंखा गरगरत असताना जागेवर थांबतं कसं? शिवाय एका व्हिडिओत पायलट उतरायच्या आधी ‘नोज व्हील लॉक’ म्हणाला, तो लॉक म्हणजेच ब्रेक का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा प्लीज, शोधायला गेलं की सगळं विमानांचंच येतं.

हँगरकाका
ब्रेक असतो. लॉक ही वेगळी गोष्ट आहे, दोन्हीची गल्लत करू नका.

आधी ब्रेक. विमान दोनशे-अडीचशेच्या स्पीडने रनवेला टेकतं, त्याला थांबवायला दणकट ब्रेक लागतो. हेलिकॉप्टर आपला वेग हवेतच मारून येतं, त्यामुळे त्याच्या ब्रेकचं मुख्य काम थांबवणं नाहीच, उभं आहे तिथून हलू न देणं हे आहे. बहुतेक मशीनमध्ये पायाखालच्या पेडलचा वरचा भाग पंजाने दाबला की छोट्या मास्टर सिलेंडरमधून ऑइल चाकापर्यंत जातं आणि कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, चाकाच्या डिस्कला धरतो. डावा पाय डावं चाक, उजवा पाय उजवं चाक, म्हणजे टॅक्सी करताना, जमिनीवर चाकांनी चालताना, एकच बाजू दाबून वळताही येतं. ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना, पुढच्या छोट्या चाकाला सहसा नसतोच. रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरचं गणित निराळं, तिथे ऑइलऐवजी कॉम्प्रेस्ड हवा आणि पायाऐवजी हाताच्या स्टिकवरचा लिव्हर, तो बोटांनी ओढायचा.

आता पार्किंग ब्रेक. पेडल दाबून धरायचं, हँडल ओढायचं, मग पाय काढायचा. हँडलने एक व्हॉल्व बंद होतो आणि दाबलेलं ऑइल कॅलिपरच्या बाजूला अडकून राहतं, बस, एवढंच. कारसारखी केबल ओढून धरलेली नसते बऱ्याच ठिकाणी. म्हणूनच ठोकळे, आम्ही चॉक म्हणतो. ऑइल एखाद्या सीलमधून थेंब थेंब झिरपलं किंवा दुपारी तापलेलं ऑइल रात्री गार झालं की प्रेशर उतरतं आणि संध्याकाळी घट्ट असलेला ब्रेक सकाळी सैल मिळतो. कॉकपिटमधलं हँडल मात्र ओढलेलंच दिसतं, सगळं बरोबर असल्यासारखं. रात्रभर उभ्या मशीनला नुसत्या पार्किंग ब्रेकवर सोडणारा माणूस मला हँगरमध्ये नको.

आणि ‘पंखा गरगरत असताना’ हे तुम्ही बरोबर पकडलंत. रोटर, म्हणजे वरचा पंखा, एका दिशेला फिरायला लागला की बॉडीला उलट दिशेला वळायचं असतं. उडताना शेपटीचा रोटर ते सांभाळतो, पण स्टार्ट करताना तो स्वतःच हळू फिरत असतो, त्याच्यात जोर नसतो. त्या वेळी बॉडीला धरून ठेवतात ते टायर आणि ब्रेक. ओल्या, ऑइल सांडलेल्या जागेवर स्टार्ट करायला पायलट नाखूश असतात ते यामुळे.

एएमई_होणार
काका एक शंका, रोटर ब्रेक म्हणतात तो हाच का?

हँगरकाका
नाही रे बाबा. रोटर ब्रेक वर ड्राइव्हलाइनला असतो, इंजिन बंद केल्यावर पाती लवकर थांबवायला. चाकांशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि चाकं आत घेणाऱ्या मशीनमध्ये डाउनलॉक म्हणून अजून एक भानगड असते, खाली आलेला चाकाचा पाय वजनाने परत मिटू नये म्हणून. कॉकपिटमधले तीन हिरवे दिवे त्याचे. परीक्षेत तिन्ही वेगवेगळे लिही.

डेकवरचा_दादा
लॉकचं मी सांगतो, ऑफशोअरला, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, बरीच वर्षं काढलीत. पुढचं चाक हॉस्पिटलच्या ट्रॉलीच्या चाकासारखं असतं, जिकडे ढकलाल तिकडे वळतं. टॅक्सी करताना ते हवंच असतं. पण उतरताना ते असंच मोकळं असेल तर टेकल्या टेकल्या आडवं होऊन नाक भलतीकडे ओढेल. म्हणून एक पिन टाकून ते सरळ रेषेत अडकवतात, तेच तुमचं नोज व्हील लॉक. शेपटीला चाक असणारी सी किंग, ब्लॅक हॉक, अपाचे यांना तोच प्रकार मागे, टेल व्हील लॉक. बटण दाबलं की लगेच लॉक झालंच असं नाही बरं का, चाक वाकडं असेल तर पिन भोकासमोर येतच नाही, थोडं सरळ पुढे जावं लागतं मग ती बसते. आणि लॉक न काढता जोरात वळवलं तर सगळा आडवा लोड त्या बिचाऱ्या पिनवर.

प्लॅटफॉर्मवर उतरताना नाकाचं चाक लॉक आणि पार्किंग ब्रेक हवेत असतानाच ऑन, कारण तिथे पळायला जागाच नाही, सरळ खाली बसायचं. रनवेवर थोडं पळत उतरायचं असेल तर बरोबर उलट, ब्रेक ऑफ आहे ना ते बघायचं, नाहीतर चाकं जॅम होऊन टायर फुटतात. एकच हँडल पण जागेप्रमाणे चेक उलटा, म्हणून ते मोठ्याने बोलून कन्फर्म करतात आणि मला ते फार योग्य वाटतं. बऱ्याच डेकवर, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर, दोरखंडाची जाळी पसरलेली असते ती पण चाकं घसरू नयेत म्हणूनच, पावसाळ्यात ओल्या लोखंडावर ब्रेक लागून चाक थांबलं तरी थांबलेलं चाकच घसरतं.

खारं_वारं
डेकचा विषय निघालाच आहे तर जहाजावर उतरणाऱ्या लिंक्सबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश नेव्हीने २०१७ पर्यंत वापरलेलं ते हेलिकॉप्टर, १९७१ साली पहिल्यांदा उडालं. त्याची मागची चाकं डेकसाठी २७ अंश बाहेर फाकवलेली. पोटाखालून हार्पून म्हणजे एक आकडा खाली येतो आणि डेकवरच्या लोखंडी जाळीला पकडतो, पुढचं चाक ९० अंश आडवं वळतं, मग हार्पूनभोवती आख्खं मशीन गोल फिरवून नाक वाऱ्याकडे करता येतं आणि चाकं त्याच वर्तुळावर चालतात. वर रोटरच्या पात्यांचा अँगल शून्याच्याही खाली नेऊन ते डेकवर दाबून धरतात.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्याच्या चाकांचा लॉक. तो लावायला प्रेशर लागत नाही, सोडवायला लागतं! म्हणजे हायड्रॉलिक गेलं की चाकं आपोआप लॉक. काकांनी सांगितलेल्या पार्किंग ब्रेकच्या बरोबर उलट, तिथे प्रेशर गेलं की ब्रेक सुटतो. झुलणाऱ्या डेकवर हीच रचना हवी, एका बाजूला कललं की खाली थेट समुद्र. कॅनडाच्या नेव्हीने १९६० च्या दशकात अजून पुढे जाऊन बेअरट्रॅप काढला, सी किंगच्या पोटातून केबल सोडून त्याला खाली ओढून घ्यायचं आणि डेकवरच्या पोलादी जबड्यात पकडायचं. तिथे चाकांच्या ब्रेकवर फार काही सोडलेलंच नाही.

गच्चीवाला_जुहू
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, चीताहसारख्या स्किडवाल्यांना, म्हणजे चाकांऐवजी आडव्या नळ्यांवर उभ्या राहणाऱ्यांना, मग काहीच नको ना?

हँगरकाका
उभं राहायला काही नको, स्किडचं घर्षण पुरतं. पण हँगरमध्ये न्यायचं तर दोन्ही स्किडला सुटी चाकं बसवून लिव्हरने मशीन उचलावं लागतं आणि त्या चाकांना सहसा ब्रेक नसतो. उतारावर असाल तर आधी माणसं धरायला उभी करा, मगच लिव्हर दाबा. आणि मशीन खाली घेताना लिव्हर घट्ट धरा, वजन त्याच्यावर असतं, हातातून सुटला तर उसळून हाड मोडतो.