विनामूल्य विज्ञान-संकेतस्थळाकडे शिक्षक कसे वळवावेत?

प्रयोगवही
सर्वांना नमस्कार. आमची लहानशी नोंदणीकृत संस्था पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी मराठीतून विज्ञानाचे प्रयोग देणारे संकेतस्थळ चालवते. सगळे साहित्य विनामूल्य आहे आणि पानांवर एकही जाहिरात नाही. काडेपेटी, सायकलची जुनी ट्यूब, फुगा, सलाईनची नळी अशा गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून करता येतील असे दोनशेच्या आसपास प्रयोग आम्ही चार वर्षांत लिहून काढले आहेत, आणि निदान दोन शाळांत मुलांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय आम्ही एकही प्रयोग संकेतस्थळावर चढवत नाही.

एवढे करूनही दिवसाला पन्नास वाचक येत नाहीत. मासिक ई-पत्रासाठी नाव नोंदवणारे तीनशेच्या आतच आहेत आणि त्यांतले बरेच जण पत्र उघडतही नाहीत. गेल्या वर्षी एका व्यावसायिकाकडून समाजमाध्यमांवर पैसे देऊन प्रसिद्धी करून घेतली. आमच्या पानाला पसंती देणाऱ्यांचा आकडा वाढला, संकेतस्थळावर येणारे मात्र वाढले नाहीत, आणि देणगीची रक्कम तीन महिन्यांत संपली. त्या पैशांत कितीतरी शाळांना प्रयोगपेट्या देता आल्या असत्या, याची खंत अजून वाटते. पुन्हा तसा खर्च न करता खरे वाचक कसे मिळवावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

अनुक्रमणिका
तुमचे संकेतस्थळ आत्ताच पाहून आले. प्रयोग उत्तम आहेत, पण शोधणाऱ्याला ते सापडणार कसे? एका पानाचे शीर्षक ‘कृती क्रमांक ४७’ असे आहे आणि आत हवेला वजन असते हे दाखवणारा फुग्यांचा सुंदर प्रयोग आहे. ‘कृती क्रमांक ४७’ असे जगात कोणीही शोधत नाही. ‘हवेला वजन असते का? दोन फुगे आणि काठीचा प्रयोग’ असे शीर्षक दिलेत, तर तेच पान शोधात वर येऊ लागेल. सुरुवातीचे प्रयोग पीडीएफमध्ये आहेत आणि ते जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले दिसतात. माणसाला ते मराठी दिसते, पण त्यातून मजकूर उचलला तर निरर्थक अक्षरे हाती येतात आणि शोधयंत्रालाही तेच दिसते. चार वर्षांतली पहिली दोन वर्षे अशी झाकलेली आहेत, म्हणून नवे काही लिहिण्याआधी ती पाने युनिकोडमध्ये आणा.

गूगलचे सर्च कन्सोल विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टंकून तुमच्यापर्यंत आले, आणि तुमचे पान दिसूनही ते कोणत्या शब्दांवर आत आले नाहीत, ही यादी त्यात मिळते. वाचकाची भाषा त्या यादीतून कळते. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, हेही तिथे दिसेल.

आणखी एक सुचवते. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १४ मेच्या सुमारास आणि नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो, आणि त्या सुमारास लोक आपापल्या गावाची तारीख शोधतात. सूर्य एकेका अक्षांशावरून उत्तरेकडे सरकतो म्हणून तारखा बदलतात, एवढे समजावून गावांच्या तारखांचा तक्ता दिलात तर ते एक पान दरवर्षी वाचक आणील. मात्र ते मार्चमध्येच चढवून ठेवा आणि दरवर्षी पत्ता न बदलता तेच पान अद्ययावत करा.

खडू-फळा
अनुक्रमणिकाताईंचे शीर्षकांविषयीचे म्हणणे शंभर टक्के पटले. शून्य सावलीबद्दल मात्र एका शिक्षकाची अडचण सांगतो. मेमध्ये आमच्या शाळांना सुट्टी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच दिवस पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेले असते. त्या पानावर पालक येतील, वर्तमानपत्रवाले येतील आणि ते चांगलेच आहे, पण ज्यांच्यासाठी तुम्ही संकेतस्थळ चालवता ते शिक्षक त्या वाटेने येणार नाहीत.

शिक्षक धड्याच्या वाटेने येतो. उद्या सहावीला ‘नैसर्गिक संसाधने – हवा, पाणी आणि जमीन’ हा पहिला धडा घ्यायचा असला की मी आज रात्री इयत्ता आणि धड्याचे नाव टंकतो. तुमच्या संकेतस्थळावर प्रयोगांची वर्गवारी ध्वनी, उष्णता, बल अशी आहे. तिच्या जोडीला बालभारतीच्या पुस्तकांतील इयत्ता आणि धड्यांनुसार अनुक्रमणिका करा, आणि जो धडा जूनमध्ये शिकवला जातो त्याचे पान मेअखेर तयार ठेवा.

आम्हाला तुमच्याबद्दल कळणार तेही दुसऱ्या शिक्षकाकडूनच. दर महिन्याला आमच्या केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते, तिथे दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. मागे आमच्या परिषदेत एका बाईंनी सलाईनच्या नळीत रंगीत पाणी भरून तिची दोन टोके खिडकीच्या दोन बाजूंना धरली आणि चौकट एका बाजूने बोटभर खाली बसल्याचे सगळ्यांना दाखवले. मग प्रत्येकाच्या हातात ए-फोर आकाराचा एक कागद दिला, त्यावर कृती होती आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. तो कागद आजही आमच्या शाळेतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. केंद्रप्रमुखांना विनंती करून अशी वीस मिनिटे मागून घ्या. ज्या गावात रेंज जेमतेम येते तिथे चित्रफीत उघडत नाही, म्हणून प्रत्येक प्रयोग एका कागदावर छापता येईल असा ठेवा.

आणि नाव नोंदवण्याच्या अर्जात सहा रकाने आहेत. जिल्हा, तालुका, शाळेचा प्रकार, हे सगळे कशासाठी? मी तिथूनच परत फिरलो होतो.

टपालपेटी
ई-पत्राविषयी थोडे सांगतो, कारण वाचकांना रस नाही असा निष्कर्ष काढण्याआधी पत्र त्यांच्यापर्यंत नीट पोचते का, हे तपासायला हवे. साधारण १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच कापून दाखवते. देवनागरीचे अक्षर, काना-मात्रेसह प्रत्येक चिन्ह, युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर एकच. त्यामुळे तेवढ्याच लांबीचे मराठी पत्र फार लवकर कापले जाते आणि तुमचे शेवटचे दोन प्रयोग कोणाला दिसतच नसतील. सगळा मजकूर पत्रात भरण्याऐवजी एकच प्रयोग द्या, त्याखाली पानाचा दुवा द्या, आणि नाव काढून टाकण्याची सोय ठळक ठेवा. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला वाट दिली नाही, तर तो पत्राला स्पॅम ठरवतो आणि त्याचा त्रास बाकीच्यांना पोचणाऱ्या पत्रांना होतो. पत्र खरोखर तुमच्याच संस्थेकडून आले आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी संस्थेच्या डोमेनसाठी (संकेतस्थळाच्या नावासाठी) केल्या आहेत का, तेही पाहून घ्या. कोणी जाणकार असेल तर तासाभराचे काम आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची प्रसारण यादी २५६ जणांपुरतीच असते आणि ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच संदेश जातो. चॅनेल काढलेत तर ही अडचण राहत नाही, आणि अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षिकांच्या दृष्टीने मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

पैसे देऊन प्रसिद्धीचा प्रश्न पुन्हा आलाच, तर गूगल पात्र सेवाभावी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलर मूल्यापर्यंतच्या शोध-जाहिराती विनामूल्य देते. त्यासाठी दिसलेल्या जाहिरातींवर क्लिक होण्याचे प्रमाण निदान ५ टक्के राखावे लागते आणि खात्याकडे नियमित लक्ष द्यावे लागते. शीर्षके आणि धड्यांची अनुक्रमणिका तयार होईपर्यंत तिकडे वळू नका.

पारंबी
मला परवान्याविषयी बोलायचे आहे. तुमच्या पानांच्या तळाशी ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिलेले आहे. विनामूल्य द्यायचे ठरवल्यावर हे कशाला? प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरील गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणून कोणीही त्या निःशंकपणे छापू शकतो, भाषांतरित करू शकतो, आणि श्रेय देणे बंधनकारक असल्यामुळे मूळ स्थानाचे नाव प्रत्येक प्रतीबरोबर जाते. तुमचा प्रयोग एखाद्या शाळेच्या हस्तलिखितात किंवा दिवाळी अंकात गेला, तर तुमचे नावही तिथे जाईल. विकिपीडियावर मात्र आपल्याच संकेतस्थळाचे दुवे टाकत बसू नका, ते काढले जातात. त्याऐवजी प्रयोगांची स्वच्छ छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सला, म्हणजे विकिपीडिया जिथून चित्रे घेतो त्या मुक्त संग्रहाला, द्या.

प्रयोगवही
सर्वांचे मनापासून आभार. खडू-फळा सर, अर्जातले पाच रकाने आजच काढले, आता फक्त ई-मेलचा पत्ता विचारतो, आणि तोही प्रयोगाच्या शेवटी, ‘पुढच्या धड्याचा प्रयोग हवा आहे का?’ या प्रश्नाखाली. ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ काढण्यासाठी विश्वस्तांची संमती लागेल, तो विषय येत्या बैठकीत मांडते. जुन्या फॉन्टमधली पाने आम्ही तिघे वाटून घेत आहोत आणि सहावीच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करणार आहोत. शून्य सावलीचे पानही करायचे आहे, पालकांसाठी का होईना. शिक्षण परिषदेत वीस मिनिटे मागायची, तर पत्र केंद्रप्रमुखांच्या नावे द्यावे की आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, एवढे कृपया कोणी सांगावे.