१९७१ च्या पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट कशाला?

प्रश्न (नातू_७८): आजीची ट्रंक आवरताना आजोबांनी मुंबईहून गावी पाठवलेली पत्रं सापडली. डिसेंबर १९७१ मधल्या सगळ्या पाकिटांवर पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे. शिवाय तीन पत्रांत ओळी एकमेकींवर चढल्यात. आजोबा मास्तर, अक्षर मोत्यासारखं. आजारी होते का?

तिकीटवेडा: ते निर्वासितांसाठीचं. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं आली होती, त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा घेत. नवं तिकीट येईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच शिक्के मारून चालवलं. तुमच्याकडे शिक्क्याचं असेल तर पाकिटावरून सोडवू नका!

चाळकरीण: अक्षराचं मी सांगते. ब्लॅकआउट! पाकिस्तानशी युद्ध चालू, विमानहल्ल्याच्या भीतीने रात्री बाहेर उजेड दिसू द्यायचा नाही; अंधारातच लिहिलं असणार. तारखा बघा, युद्धाच्या, ३ ते १६ डिसेंबरमधल्या असणार. मी तेव्हा नऊ वर्षांची, गिरगावात. काचांना खळीने काळा कागद चिकटवलेला. दोन दिवसांत झुरळांनी खळ खाल्ली, कोपरा सुटला, आणि खालून शिट्टी, “दुसरा मजला, उजेड दिसतोय!” बाबा रेडिओच्या डायलवरसुद्धा पंचा टाकायचे. मग काटा अंदाजाने फिरवायचा, नि बातम्यांच्या जागी भलतंच काहीतरी लागायचं. जेवणं दिवसाउजेडी उरकत. एकदा उशीर झाला, तर आईने अंधारात माझ्या दूधभातावर लोणचं वाढलं. भोंगा वाजत होता, मी मुकाट खाल्लं.

आम्हा पोरांना सगळी गंमतच. आजी मात्र भोंगा झाला की दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहायची, हाक मारली तरी हलायची नाही. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा घरातली फळी कोसळली आणि चौकटीत होती म्हणून ती वाचली. युद्ध संपल्यावर कागद काढला, पण खळीचे डाग पुढची कित्येक वर्षं काचेवर होते.

सोमवारकर: आमच्याकडची गोष्ट १९६५ ची. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आमच्या आजीचा सोमवार आधीपासूनच! “त्यात माझं काय गेलं?” म्हणून तिने मंगळवारही धरला. हाल आजोबांचे.

नातू_७८: चाळकरीणताई, तारखा पाहिल्या. ५, ९ आणि १४ डिसेंबर. १८ तारखेच्या पत्रात ओळी सरळ आहेत.