चिनी मातीचे पोपट: खरंच १८व्या शतकातले का?

लेस्टरची_सून: मंडळी, रविवारी इथे कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) पोपटांची जोडी घेतली, १५ पौंडाला. वीतभर उंच, हिरवेगार, जांभळट खडकावर बसलेत. विकणाऱ्या आजी म्हणाल्या त्यांच्या पणजीचे, म्हणजे १८व्या शतकातले. नवरा म्हणतोय गंडलीस. तळाला इंग्रजीत फक्त 'चायना' असा शिक्का आहे. कसं ओळखायचं?

जुनाबाजार: शिक्क्यानेच घोळ केला की ताई. अमेरिकेने १८९० मधे टॅरिफ कायदा केला, त्यात आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं अशी अट आली, १८९१ पासून लागू. म्हणून असा शिक्का असला की माल त्यानंतरचा. पोपट मात्र जुनीच फॅशन हां, चीनच्या कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) असेच खडकावरचे पोपट युरोपात भरभरून गेले.

मातीकाम: तळाच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारून बघ. जुन्या वस्तू साच्यात माती हाताने दाबून करायचे, आत बोटांचे ठसे आणि सांधा दिसतो. पातळ माती साच्यात ओतून केलेली असेल तर आतून गुळगुळीत. आणि हा हिरवा-जांभळा रंग आधी नुसती माती भाजून मग वर शिशाचं ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) लावून परत कमी आचेवर भाजलेला असतो, तेव्हा शोकेसमधेच ठेव, त्यात खाऊबिऊ नको.

पार्ल्याची_मावशी: खरी जोडी असेल तर एक डावीकडे बघतो एक उजवीकडे. पुढच्या वेळी मुंबईत आलीस की म्युझियममधे (आपलं प्रिन्स ऑफ वेल्स गं) टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघ, नजर तयार होते. मला स्वतःला ते हंसाच्या आकाराचं सूपचं भांडं फार आवडतं, १८व्या शतकात युरोपवाल्यांनी मुद्दाम बनवून घेतलेलं, मान धरून वरचा भाग उचलायचा की आत सूप 😄

लेस्टरची_सून: टॉर्च मारला. आतून गुळगुळीत. आणि दोघंही डावीकडेच बघतायत 🤦‍♀️ वर एकाच्या चोचीवर जरा नख लावलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पिवळट गोंद. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

जुनाबाजार: चोच नंतर चिकटवलीय. १५ पौंडाला तरी वाईट नाही, पण आता खरवडू नकोस.