कोडिंग गणिताच्या तासातच असावे

मराठवाड्यातील मुलांचे वाचन-गणित आधी पक्के करावे, कोडिंगचे, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्याचे, नंतर पाहू, हा आपण मांडलेला मुद्दा कळकळीचा आहे. मात्र पीकविम्याच्या अर्जापासून पैशांच्या देवाणघेवाणीपर्यंत सारे मोबाइलवर आलेले असताना या दोन गोष्टी वेगळ्या काढणे मला पटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. आपल्याकडे महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि शेतकऱ्याची भरपाई पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. जिल्हा परिषद शाळेतील सातवीच्या मुलांना स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढीच अट मांडायला सांगावी. नेमका ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर काय, नोंदच आली नसेल तर ती शून्य धरायची का, हे प्रश्न तिथे टाळता येत नाहीत, आणि हे गणितच आहे. स्क्रॅच मोफत आहे, एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. वीज गेली तर हीच अट वहीत पायरीपायरीने लिहिता येते. सहा वर्षांच्या मुलाला लाखोंच्या पगाराचे आमिष दाखवून पालकांकडून भरमसाट शुल्क उकळणाऱ्या शिकवण्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यापेक्षा प्रत्येक तालुक्यातील गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा.